ऑपरेशनआधी रक्त पातळ करणारी गोळी किती दिवस आधी थांबवतात?

ऑपरेशनची तारीख ठरली की डॉक्टर विचारतात, "रोजच्या गोळ्या कोणत्या चालू आहेत?" बीपीची, शुगरची गोळी लक्षात राहते, पण 'रक्त पातळ' करणारी सांगायची राहून जाते. काही जण तर शेजाऱ्यांच्या सल्ल्याने ती आधीच बंद करून येतात. या दोन्ही गोष्टी धोक्याच्या आहेत.

रक्त खरंच पातळ होतं का?

नाही. या औषधांमुळे रक्ताची गुठळी सहज तयार होत नाही. हार्ट अटॅक आणि पक्षाघात टाळण्यासाठी ते गरजेचं असतं. पण ऑपरेशनच्या वेळी याच गुणामुळे रक्तस्राव आटोक्यात आणणं अवघड होतं.

मग सगळ्या गोळ्या एकाच दिवशी बंद का करत नाहीत?

सर्जरी शिकणाऱ्या डॉक्टरांना सुरुवातीलाच 'हाफ लाइफ' शिकवतात. रक्तातलं औषध निम्मं व्हायला जितका वेळ लागतो, ती त्याची हाफ लाइफ. पहिल्यांदा १०० चे ५०, मग २५, मग १२.५. अशा पाच फेऱ्यांनंतर जेमतेम ३ टक्के औषध उरतं.

अपिक्साबॅनची हाफ लाइफ सुमारे १२ तास आहे. म्हणजे पाच फेऱ्यांना ६० तास लागतात. म्हणूनच मोठ्या ऑपरेशनआधी ही गोळी साधारण २ दिवस बंद ठेवतात. डॅबिगॅट्रान मात्र मुख्यतः किडनीतून बाहेर पडतं. किडनी कमजोर असेल, तर ते आणखी आधी थांबवावं लागतं.

ॲस्पिरिनला हा हिशोब का लागू होत नाही?

ॲस्पिरिन रक्तातून फार लवकर नाहीसं होतं. त्याची हाफ लाइफ जेमतेम २० मिनिटांची आहे. पण तेवढ्या वेळात ते प्लेटलेट्सना कायमचं निकामी करून जातं. प्लेटलेट ७ ते १० दिवस जगते. औषध गेलं तरी नव्या प्लेटलेट्स तयार होईपर्यंत परिणाम राहतो. क्लोपिडोग्रेलही असंच काम करतं, म्हणून ते साधारण ५ ते ७ दिवस आधी थांबवतात.

वॉरफरिनची तऱ्हा वेगळी. ते लिव्हरमध्ये गुठळीसाठी लागणारी प्रथिनं नीट तयार होऊ देत नाही. ती पुन्हा तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून गोळी सुमारे ५ दिवस आधी बंद करून आयएनआर ही रक्ताची तपासणी करतात.

थोडक्यात, औषध शरीरातून कधी जातं आणि त्याचा परिणाम कधी जातो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

स्वतःहून बंद केली तर?

हृदयात स्टेंट असेल, तर गोळी अचानक थांबवल्यावर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते आणि ते जिवावर बेतू शकतं. त्यामुळे स्टेंट नवा असल्यास, तातडीची नसलेली शस्त्रक्रिया काही महिने पुढेही ढकलतात. अनेकदा ॲस्पिरिन चालू ठेवूनच ऑपरेशन होतं. दात काढण्यासारख्या छोट्या कामासाठी तर बहुतेक वेळा गोळी थांबवायची गरजच पडत नाही. रक्तस्रावाचा धोका मोठा की गुठळीचा, हे सर्जन, भूलतज्ज्ञ आणि हृदयरोगतज्ज्ञ मिळून ठरवतात.

रुग्णाने काय करावं?

• सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्यावीत. कोलेस्टेरॉलच्या काही कॅप्सूलमध्ये ॲस्पिरिनही असतं आणि अनेकांना ते माहीत नसतं.

• शेवटची गोळी कोणत्या दिवशी, किती वाजता घेतली ते सांगावं.

• स्टेंट, कृत्रिम झडप किंवा किडनीचा त्रास असेल, तर कोणी विचारायची वाट न पाहता सांगावं.

• गोळी कधी बंद करायची आणि पुन्हा कधी सुरू करायची, या दोन्ही तारखा डॉक्टरांकडून लिहून घ्याव्यात. दुसरी तारीख विसरली, तर ऑपरेशन उत्तम होऊनही धोका राहतो.