जावईबापूंची साखर

माझे बाबा कोल्हापूरकडच्या एका साखर कारखान्यात केमिस्ट होते. जावई अमेरिकेत साखरेवर संशोधन करतो, याचा त्यांना कोण अभिमान! गेल्या दिवाळीत व्हिडिओ कॉलवर त्यांनी विचारलं, "जावईबापूंच्या साखरेनं माझी साखर उतरेल का गं?" बाबांना बारा वर्षं मधुमेह आहे. हे लॅबमध्ये होते. मी मराठीची एम.ए.; लग्नाआधी शाळेत शिकवायचे, इथे बॉस्टनला आल्यापासून घर आणि लेक. "ह्यांना विचारून सांगते," म्हणून फोन ठेवला आणि माझं मलाच वाईट वाटलं. सहा वर्षं जे घरात ऐकतेय, ते बाबांना सांगता येऊ नये?

मग रोज जेवणानंतर मी ह्यांची शिकवणी लावली.

आपल्या पेशींवर आणि बऱ्याच जंतूंवर साखरेच्या साखळ्या असतात. चहातली साखर नव्हे. मॅनोज, फ्युकोज अशी तिची भावंडं. रोगप्रतिकारक पेशींवरचे रिसेप्टर त्या चाचपून आपलं-परकं ओळखायला मदत करतात. पण एका साखरेची पकड अगदी सैल. रानातून आल्यावर परकराला चिकटणारी काटेरी बोंडं आठवा. एक आकडा सहज सुटतो. पुष्कळ आकडे एकदम अडकले, की ओढून काढावं लागतं.

हा हिशोब साधा नाही. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या युआन चुआन ली यांनी 1980 च्या दशकात यकृताच्या पेशींवरचा एक रिसेप्टर अभ्यासला. साखरा एकावरून तीन केल्या, तर पकड तिप्पट नव्हे, लाखपटीहून वाढली!

निसर्गातल्या साखळ्या मात्र सरमिसळ असतात. म्हणून रसायनशास्त्रज्ञ त्या स्वतः घडवतात: एक कणा घ्यायचा आणि त्यावर ठरलेल्या साखरा, ठरलेल्या संख्येनं, ठरलेल्या अंतरावर ओवायच्या. गजरा ओवतो तसंच. यांना मल्टिव्हॅलंट लिगँड म्हणतात. लॉरा किसलिंग यांनी अशा लांब-आखूड माळा करून पेशींना जणू प्रश्नच विचारले: किती साखरा लागल्या की तुम्ही जाग्या होता?

डेंड्रायटिक पेशींवर डीसी-साइन नावाचा चार तोंडांचा रिसेप्टर असतो. एचआयव्हीच्या अंगावर मॅनोज दाटीवाटीनं असतं, त्यामुळे तो इथे चिकटतो आणि ह्याच पहारेकऱ्याच्या खांद्यावरून टी-पेशींपर्यंत पोचू शकतो. ती जागा आधीच अडवली तर? स्पेनमधल्या संशोधकांनी 120 मॅनोज लावलेला कार्बनचा एक गोळा बनवला. 2016 साली छापून आलेल्या त्या प्रयोगात इबोलाचं आवरण चढवलेल्या बनावट विषाणूला त्यानं पेशीत शिरण्यापासून रोखलं. अर्थात हे प्रयोगशाळेतल्या पेशींवर. औषध अजून दूर आहे.

महिन्याभरानं मीच बाबांना फोन लावला. पहिल्यांदा खरं ते सांगितलं, "नाही बाबा, तुमची साखर यानं उतरणार नाही. गोळ्या आणि चालणं चुकवू नका." मग मोजे, काटेरी बोंडं, लेकीचे मणी असं सगळं कॅमेऱ्यासमोर मांडून पाऊण तास शिकवलं. किती वर्षांनी तो आवाज माझ्या गळ्यातून निघाला!

बाबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे आम्ही पोती मोजली, जावईबापू दाणे मोजतात. थांब, तुझ्या आईला बोलावतो. पहिल्यापासून सांग."