आधी शिष्यवृत्ती, मग देश

रिसोड किंवा मानोऱ्याच्या मुलीने परदेशात शिकायचं म्हटलं, की घरात पहिला प्रश्न निघतो पैशाचा आणि पहिलं उत्तर येतं शेताचं. ‘दोन एकर काढून टाकू.’ माझी कळकळीची विनंती आहे, हा विचार सगळ्यांत शेवटी करा.

शेत न विकता तारण ठेवावं, तर बँका सहसा तयार होत नाहीत. थकलेल्या कर्जाची वसुली त्या २००२ च्या सरफेसी कायद्याने करतात आणि शेतजमीन त्या कायद्यातून वगळलेली आहे. त्यामुळे साडेसात लाखांच्या वर गेलं, की शहरातलं घर, एनए प्लॉट किंवा मुदतठेव मागितली जाते. सोयाबीन-तुरीवर चालणाऱ्या घरात यातलं काय असणार?

म्हणून देश आणि विद्यापीठ नंतर ठरवा, आधी आपण कोणत्या शिष्यवृत्तीत बसतो ते बघा. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ७५ जागा. ओबीसी, भटके-विमुक्त आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठी वेगळ्या योजना आहेत. निकष अधूनमधून बदलतात, तेव्हा त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचा. ब्रिटिश सरकारच्या चेवनिंगला जातीची अट नाही, पण दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. पदवी हातात पडल्या पडल्या अर्ज चालत नाही. शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यातले राजू केंद्रे आधी विदर्भात काम करून २०२१ मध्ये याच शिष्यवृत्तीवर लंडनला गेले.

शिष्यवृत्ती किती वर्षं पुरेल, हेही विचारा. सयाजीराव महाराजांच्या मदतीने बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबियाला गेले, तिथून लंडनला. पण मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं. पैसे जमवून ते पुन्हा लंडनला पोचले १९२० मध्ये.

एजंटकडे जायचंच असेल तर हे सगळं बघून झाल्यावर जा. बऱ्याच एजंटांना कमिशन विद्यापीठाकडून मिळतं, म्हणून जर्मनीतली बहुतेक सरकारी विद्यापीठं, जिथे शिकवणी शुल्क नाही, त्यांच्या यादीत सहसा दिसत नाहीत. तिथेही राहण्याखाण्यासाठी वर्षाचे सुमारे बारा हजार युरो व्हिसाआधी खात्यात दाखवावे लागतात. फुकट शिक्षण म्हणून निघालेली मुलं इथे अडतात.

पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असाल, तर जात पडताळणीचा अर्ज याच महिन्यात टाका, तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला कसा निघतो ते विचारून ठेवा आणि पासपोर्ट काढा. आयईएलटीएसची घाई करू नका. त्याचे गुण दोनच वर्षं चालतात.