महाधमनी: पहिल्या ऑपरेशननंतर

छातीतल्या महाधमनीचं ऑपरेशन पार पडलं की घरचे नवस फेडायला औंढ्या नागनाथाला जातात. जायलाच हवं, एवढ्यातून माणूस उठून घरी येणं लहान गोष्ट नाही. पण हिंगोली जिल्ह्यात वसमत-सेनगावकडे परतलेल्या अशा रुग्णाचा आजार बहुधा संपलेला नसतो. सर्जनने बदललेला असतो महाधमनीचा एक तुकडा. उरलेली भिंत जुनीच, त्याच रक्तदाबाचा मार खाणारी.

डिसेक्शनमध्ये हे ठळकपणे दिसतं. भिंतीचे पदर सुटतात आणि रक्त मधल्या फटीत शिरतं. हृदयालगतचा भाग तातडीने बदलून जीव वाचवला, तरी महाधमनीच्या कमानीपुढे ती फट अनेकदा उघडीच राहते आणि काही वर्षांत तिथे फुगवटा धरतो. जर्मन सर्जन हान्स बोर्स्ट यांनी पुढचं ऑपरेशन आधीच हिशेबात धरलं. 1983 मध्ये त्यांनी कमान बदलताना कृत्रिम नळीचं टोक खालच्या महाधमनीत मोकळं लोंबत ठेवलं, म्हणजे पुढच्या वेळी तिथूनच जोड देता यावी. 'हत्तीची सोंड' या नावाने ही पद्धत ओळखली जाते. दुसरी वेळ येणार हे कबूल करून पहिली दुरुस्ती करणं, हे मला महाधमनीच्या शस्त्रक्रियेच्या इतिहासातलं सर्वांत प्रामाणिक पाऊल वाटतं.

छाती न उघडता मांडीतून स्टेंट-ग्राफ्ट, म्हणजे जाळीचा आधार असलेली कृत्रिम नळी, सरकवण्याची वाट खारकीव्हच्या निकोलाय वोलोदोस यांनी 1987 मध्ये उघडली; 1994 मध्ये स्टॅनफर्डच्या मायकेल डेक यांच्या कामाने ती जगभर पोचली. रुग्ण लवकर हिंडूफिरू लागतो. मात्र पुन्हा हात घालायची वेळ या पद्धतीत अधिक येते. कडेने रक्त झिरपतं, ग्राफ्ट सरकतो, टोकाशी भिंत नव्याने चिरते. अनेकदा आणखी एका स्टेंटवर भागतं. ग्राफ्टला जंतुसंसर्ग झाला तर मात्र काम फार अवघड होतं.

आपल्याकडे तरुण बायकांमधला ताकायासू आजारही आहेच; त्यात महाधमनीची भिंत सुजून ती अरुंद होऊ शकते. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. प्रफुल्लकुमार सेन आणि सहकाऱ्यांनी 1963 मध्येच मध्य महाधमनी अरुंद होण्यावर लिहिलं होतं. ताकायासूत सूज शांत होण्याआधी केलेली दुरुस्ती पुन्हा बिघडण्याची भीती जास्त.

आमच्या जिल्ह्यात गाडी अडते ती तपासणीपाशी. डिस्चार्ज कार्डावर सीटी अँजिओची तारीख असते. ती नेमकी हळद शिजवण्याच्या दिवसांत येते, दुखत काहीच नसतं, आणि मोठ्या शहरात जायचं तर मजुरी बुडते. गेलाच कुणी, तर हातात रिपोर्टचा कागद असतो, सीडी घरी राहिलेली. फुगवटा वाढला का हे कळायला त्याच जागेचा जुना आणि नवा व्यास मिलिमीटरमध्ये ताडून पाहावा लागतो. जुनी चित्रंच नसतील तर रेडिओलॉजिस्ट कशाशी ताडणार? वेळेत सापडलेल्या फुगवट्यावर दुसरं ऑपरेशन नीट आखून करता येतं. फुटल्यावर निघालेला रुग्ण पुष्कळदा वाटेतच जातो.

हिंगोलीत 2024 साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. महाधमनीचं ऑपरेशन तिथे व्हावं अशी मागणी आज कुणी करणार नाही. पण रक्तदाब आणि क्रिएटिनिन पाहणं, सीटी काढून चित्रं मूळ सर्जनकडे पाठवणं, तारीख चुकवणाऱ्याला फोन करणं, एवढं जिल्ह्यातच व्हायला हवं. आणि महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत या रुग्णांच्या दरवर्षीच्या सीटीचा खर्च पहिल्या ऑपरेशनाइतक्याच हक्काने मिळायला हवा.