कॅप्टन मार्टेलची सातवी शस्त्रक्रिया

अंतःस्रावी ग्रंथींच्या शस्त्रक्रिया शिकणाऱ्या प्रत्येकाच्या कानावर चार्ल्स मार्टेल हे नाव कधी ना कधी पडतंच. व्यापारी जहाजावरचा हा उंचापुरा अमेरिकन कप्तान ऐन तारुण्यात खचत गेला. हाडं मोडू लागली, मणके दबून उंची सात इंचांनी घटली, मूत्रपिंडात खडे झाले. रक्तातलं कॅल्शियम भलतंच वाढलेलं. गळ्यातल्या चारपैकी एखाद्या पॅराथायरॉईड ग्रंथीची गाठ झाली असणार आणि तिचं संप्रेरक हाडांतलं कॅल्शियम रक्तात ओतत असणार, हे डॉक्टरांनी ओळखलं.

प्रश्न होता ती गाठ शोधण्याचा. निरोगी पॅराथायरॉईड मसुरीच्या दाण्याएवढी असते, आणि चरबीत लपली की अनुभवी हातालाही चकवते. (शरीररचनातज्ज्ञ रिचर्ड ओवेनला ही ग्रंथी पहिल्यांदा दिसली, ती लंडनच्या प्राणिसंग्रहालयात 1849 मध्ये मेलेल्या भारतीय गेंड्याच्या गळ्यात!) 1926 मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये मार्टेलची मान उघडली, पण गाठ मिळाली नाही. अशा सहा शस्त्रक्रिया झाल्या. ऑलिव्हर कोप हा तरुण सर्जन शवागारात मृतदेहांवर या ग्रंथी शोधण्याचा सराव करत राहिला.

आणि रुग्ण? तो ग्रंथालयात जाऊन शरीररचनेची पुस्तकं वाचत होता. गर्भावस्थेत खालच्या पॅराथायरॉईड ग्रंथी थायमसच्या जोडीने मानेत उतरतात, कधी थेट छातीत जातात. मग माझीही तिथेच असेल, छाती उघडा, असा त्याने आग्रह धरला. 1932 मध्ये एडवर्ड चर्चिल आणि कोप यांनी ती उघडली. छातीच्या हाडामागे तीन सेंटिमीटरची गाठ होती.

हा किस्सा सांगणारे बहुतेक जण इथेच थांबतात. मला त्यापुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. सर्जनांनी गाठ पूर्ण काढलीच नाही. संप्रेरक एकदम बंद झालं तर कॅल्शियम कोसळेल, म्हणून रक्तपुरवठ्यासकट थोडा भाग मुद्दाम मागे ठेवला. त्या काळी एवढा पुढचा विचार करणं ही मोठीच गोष्ट. तरीही तीन दिवसांत मार्टेलच्या स्नायूंना आचके येऊ लागले. वर्षानुवर्षं झिजलेली हाडं आता रक्तातलं कॅल्शियम अधाशासारखी ओढून घेत होती. सहा आठवड्यांनी, अडकलेल्या खड्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेनंतर, स्वरयंत्र आकसलं आणि तो गेला.

आपल्याकडे आजही पॅराथायरॉईडच्या गाठीचे अनेक रुग्ण हाडं मोडल्यावरच आमच्यापर्यंत पोचतात. त्यात ड जीवनसत्त्वाची कमतरता. त्यामुळे गाठ निघाली तरी आमची खरी जागरणं पुढच्या तीन-चार रात्री होतात. ‘ओठांभोवती मुंग्या येतायत’, ‘बोटं आखडतायत’ असं रुग्ण म्हणाला की परिचारिकेने राउंडची वाट न बघता लगेच कळवायचं. रक्त तपासणीला पाठवायचं, हृदयाच्या आलेखावर नजर ठेवत कॅल्शियम ग्लुकोनेट शिरेतून अगदी सावकाश द्यायचं. जखम कोरडी आहे, जेवण जातंय, म्हणून नातेवाईक घरी सोडण्याची घाई करतात. तेव्हा मी त्यांना कॅल्शियमचा तक्ता दाखवते. आकडा स्थिरावेपर्यंत सुट्टी नाही, आणि हाडं फार झिजली असतील तर घरी गेल्यावरही कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या कित्येक महिने चालू ठेवाव्या लागतात.