आईला दिलेलें वचन : एका बोलपटाविषयीं

शाळेच्या वार्षिकांत बोलपटावर लेख पाहून कित्येक पालकांच्या भुवया वर चढतील, हें मी जाणून आहें. परंतु हाणामारीचे बोलपट आमच्या मुलांना तोंडपाठ असतात आणि मधल्या सुटींत मैदानावर त्यांतील लाथांचे प्रयोगही चालतात. तेव्हां मौन धरण्यापेक्षां त्यांपैकीं एक नीट उलगडून पाहणें बरें.

हा बोलपट म्हणजे १९७१ सालीं हाँगकाँग येथें प्रदर्शित झालेला 'द बिग बॉस'. रेमंड चौ यांची गोल्डन हार्वेस्ट ही संस्था १९७० मध्यें निघालेली, म्हणजे अगदींच बाल्यावस्थेंत होती. बोलपटाचा खर्च सुमारें एक लक्ष अमेरिकन डॉलर. त्या धंद्यांत ही रक्कम किरकोळच. चित्रण थायलंडांतील पाकचोंग या आडगांवीं झालें. नायक ब्रूस ली यास तेथें डांस व झुरळें यांनीं इतकें पिडलें कीं, पत्नीस लिहिलेल्या पत्रांत त्यानें त्यांचें गाऱ्हाणें मांडलें आहे.

कथानक साधें आहे. चेंग नांवाचा तरुण चीनमधून परक्या मुलुखांत पोट भरण्यास येतो. त्याचे चुलतभाऊ तेथें बर्फाच्या कारखान्यांत राबत असतात. कोणावरही हात उगारणार नाहीं, असें त्यानें आईला वचन दिलेलें असतें व त्याची खूण म्हणून गळ्यांत ताईत असतो. गुंड डिवचतात, भाऊ झुंजतात, आणि हा मुठी आवळून मागें सरतो. एके दिवशीं बर्फाची लादी फुटून आंतून मादक द्रव्याची पिशवी बाहेर पडते. ज्यांच्या तें दृष्टीस पडलें त्यांना पैशाचें आमिष दाखविण्यांत येतें. तें त्यांनीं नाकारतांच ते नाहींसे होतात. विचारपूस करावयास गेलेला थोरला भाऊही परत येत नाहीं. मग दंगा उसळतो, झटापटींत ताईत तुटतो, आणि चेंग प्रथमच हात उगारतो.

मुलें येथें टाळ्या पिटतात. मला मात्र यापुढचा भाग अधिक उद्बोधक वाटतो. धनी चेंगला मुकादम करितो, मेजवानी देतो, मद्य पाजतो. टोळीला जें साधलें नाहीं तें एका हुद्द्यानें साधतें! बेपत्ता भावांचा शोध मागें पडतो व घरचीं माणसें त्याच्याकडे पाठ फिरवितात. तो भानावर येऊन कारखाना धुंडाळतो तोंवर घरीं सर्वांची हत्या झालेली असते. त्यानंतरचा सूड भयंकर आहे, आणि तो लहान मुलांनीं पाहूं नये असेंच माझें मत आहे. परंतु अखेरीस चेंगची मिरवणूक निघत नाहीं. तो पोलिसांच्या स्वाधीन होतो. पेत्राला तरवार म्यानांत घालावयास सांगितलें गेलें ती रात्र मला येथें आठवली. चेंगला थांबविणारें जवळ कोणीच नव्हतें.

स्वतः ब्रूस लीला तसा एक माणूस भेटला होता. हाँगकाँगांत तो ख्रिस्ती धर्मबंधूंच्या शाळांत शिकला. विद्येपेक्षां रस्त्यावरील मारामाऱ्यांकडे ओढा अधिक! सेंट फ्रान्सिस झेवियर शाळेंतील ब्रदर एडवर्ड यांनीं त्यास शिक्षा देऊन सोडलें नाहीं, तर मुष्टियुद्धाच्या आखाड्यांत उतरविलें, जेथें पंच असतो व घंटा झाली कीं हात खालीं घ्यावे लागतात. १९५८ मध्यें आंतरशालेय स्पर्धेंत तो विजयी झाला.

आमच्या शाळेंत मुष्टियुद्ध नाहीं. लाल मातीचा हौद आहे व तो सायंकाळीं ५ वाजतां उघडतो. आठवींतील ज्या दोघांना मीं मधल्या सुटींत पकडलें, त्यांचीं नांवें वस्तादांकडे दिलीं आहेत.