तपासाआधीच ठरलेला आरोपी

मध्यरात्र उलटून गेलेली. मिसिसिपीतल्या स्पार्टा नावाच्या गावात गस्तीवरच्या पोलिसाला भर रस्त्यात प्रेत सापडतं. मेलेला माणूस कुणी ऐरागैरा नाही. गावात कारखाना काढायला शिकागोहून आलेला उद्योगपती कोलबर्ट. वरून हुकूम सुटतो, गाव धुंडाळा. पोलीस रेल्वे स्टेशनात शिरतो. तिथे कोट-टाय घातलेला एक काळा माणूस पहाटेच्या गाडीची वाट पाहत एकटाच बसलाय. पाकिटात बऱ्यापैकी पैसे. झालं! तोंड भिंतीकडे, हात वर, झडती आणि थेट ठाणं. पोलीसप्रमुख बिल गिलेस्पी त्याला सुरुवातीलाच जे विचारतो ते ‘तू मारलंस का?’ असं नसतं. ‘कशाने मारलंस?’ असं असतं.

‘इन द हीट ऑफ द नाईट’ २ ऑगस्ट १९६७ रोजी प्रदर्शित झाला. या सिनेमावर लिहिणारे बहुतेक जण त्यातल्या गाजलेल्या थपडेपासून सुरुवात करतात. मला मात्र हा पहिला प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. कारण दिग्दर्शक नॉर्मन जुइसनचा हा सिनेमा वर्णद्वेषाकडे निव्वळ पाप म्हणून बघत नाही. तो त्याच्याकडे वाईट पोलिसी कामाचं मूळ म्हणून बघतो. उत्तर आधीच ठरलेलं असेल तर पुरावे गोळा करायचे कशाला?

तो काळा माणूस, व्हर्जिल टिब्स, स्वतःच पोलीस निघतो. फिलाडेल्फियाचा, खुनाच्या तपासातला वाकबगार. आठवड्याला १६२ डॉलर ३९ सेंट पगार, हे ऐकून गिलेस्पीला घाम फुटतो. त्याआधी एक बारीकशी चकमक होते. पैसे फिलाडेल्फियात कमावले, असं टिब्स सांगतो. तेव्हा गिलेस्पी विचारतो, मिसिसिपीतलं? आपल्याला हा विनोद चटकन कळत नाही. मिसिसिपीतही एक फिलाडेल्फिया आहे. तिथे १९६४ मध्ये नागरी हक्क चळवळीतल्या तीन तरुणांना उपशेरीफ सेसिल प्राइसने अटक केली, रात्री सोडलं आणि कू क्लक्स क्लान या वर्णद्वेषी संघटनेच्या हाती दिलं. तिघेही मारले गेले. सिनेमा थिएटरांत लागून तीन महिनेही झाले नव्हते, तेव्हा त्या खटल्यात अठरांपैकी सात जण दोषी ठरले. त्यात प्राइस होता. म्हणजे दक्षिणेतलं रात्रीचं पोलीस ठाणं ही त्या वेळच्या प्रेक्षकाला पटकथाकाराची कल्पना वाटण्याची सोय नव्हती.

काळा पोलीस ही गोष्टही दक्षिणेला पचायला जड होती. अटलांटासारख्या मोठ्या शहरात १९४८ मध्ये पहिले आठ काळे पोलीस नेमले गेले, पण गोऱ्या माणसाला अटक करायचा अधिकार त्यांना नव्हता. गणवेश चढवायलाही मुख्य ठाण्यात जागा नाही. तो वायएमसीएच्या इमारतीत चढवायचा.

आता स्पार्टातला तपास पाहा. पहिला आरोपी टिब्स. पुरावा कातडीचा रंग. दुसरा हार्वे ओबर्स्ट नावाचा भुरटा. त्याच्याकडे मयताचं पाकीट सापडलं की गिलेस्पीच्या लेखी फाईल बंद. टिब्स दाखवून देतो की घाव उजव्या हाताने घातलेला आहे आणि हा गडी डावखुरा. तिसरा आरोपी तर गिलेस्पीचाच माणूस, ज्याला प्रेत सापडलं तो सॅम वूड. कारण त्याने नुकतीच बँकेत मोठी रक्कम भरलेली असते. दरवेळी गिलेस्पी हाताला लागलेलं पहिलं उत्तर उचलतो. तो दुष्ट नाही. त्याच्या खोलीतला एसी धड चालत नाही, गावाला तो फारसा आवडत नाही, आणि खुनाचा तपास कसा करतात हे त्याला ठाऊक नाही. गिलेस्पी साकारणाऱ्या रॉड स्टायगरने हे सगळं च्युइंगम चघळण्याच्या वेगावर तोललंय. विचार सुरू झाला की जबडा थांबतो.

याउलट टिब्सचं काम हातांनी चालतं. प्रेत तपासण्याचा प्रसंग जरूर बघा. गावच्या डॉक्टरने मृत्यूची वेळ अंदाजाने ठोकून दिलेली असते. टिब्स काहीच बोलत नाही. प्रेताची बोटं, सांधे चाचपतो, ताठरपणा किती आलाय ते बघतो आणि मग शांतपणे सांगतो की खून त्याआधी झालाय. भोवतालचे गोरे गप्प उभे. गोऱ्या मेलेल्या माणसाच्या अंगावरून एका काळ्या माणसाचे हात अधिकाराने फिरताहेत, हे त्यांच्या डोळ्यांना नवीन आहे. छायाचित्रकार हॅस्केल वेक्सलरने टिब्सची भूमिका करणाऱ्या पॉटिएच्या चेहऱ्यावरचा प्रकाश मुद्दाम वेगळा बेतला होता. गोऱ्या कातडीच्या हिशेबाने दिवे लावायचे आणि काळा नट चकाकेल किंवा अंधारात बुडेल, ही तोवर हॉलिवूडची रीतच होती.

मग येते ती थप्पड. कापसाच्या मळ्यांचा मालक एन्डिकॉट याचा कारखान्याला विरोध असतो. तो ऑर्किडची निगा राखतो, आणि काळ्या माणसांनाही ऑर्किडसारखंच सांभाळावं लागतं असं गोड आवाजात सांगतो. टिब्स चौकशीचा प्रश्न विचारतो, तेव्हा तो त्याच्या थोबाडीत देतो. क्षणाचाही विलंब न लावता टिब्स उलट ठेवून देतो. गिलेस्पी नुसता बघत राहतो. नंतर महापौर त्याला सुनावतो की आधीचा पोलीसप्रमुख असता तर त्याने टिब्सला तिथेच गोळी घालून आत्मसंरक्षण म्हटलं असतं. मूळ कादंबरीत ही थप्पड नाही. ती आपण आग्रहाने घालायला लावली असं पॉटिए सांगत असे. पटकथेच्या आधीच्या खर्ड्यांतच ती होती, असं अभ्यासक म्हणतात. श्रेय कुणाचंही असो. या प्रसंगात हातात ट्रे घेऊन थिजलेला म्हातारा बटलर आहे, त्याच्याकडे लक्ष ठेवा. तो जेस्टर हेअरस्टन, काळ्यांच्या भक्तिगीतांचा मोठा जाणकार. ‘लिलीज ऑफ द फील्ड’मध्ये पॉटिए गाताना दिसतो, तो आवाज याचा.

सिनेमाचा खरा कणा थपडेच्या पुढे आहे. कोलबर्टच्या गाडीत ऑर्किड लावायला वापरतात त्या नेच्याच्या मुळांचा तुकडा टिब्सला सापडलेला असतो. एन्डिकॉटला या टेकडीवरून खाली खेचतोच, असा ध्यास तो घेतो. तेव्हा गिलेस्पीच्या लक्षात येतं, की अरे, हा तर आमच्यासारखाच! टिब्सलाही आरोपी आधी सापडलाय, पुरावा तो मागून जुळवतोय. खुनी कोण ते इथे सांगत नाही, पण तो एन्डिकॉट नव्हे आणि खुनाचं कारण वर्णाशी निगडित नाही. पटकथाकार स्टर्लिंग सिलिफंटने नायकालाच या सापळ्यात पाडलं नसतं, तर हा सिनेमा सज्जन काळा विरुद्ध अडाणी गोरे एवढ्यावरच आटोपला असता.

फिलाडेल्फियात तुला काय म्हणतात, या गिलेस्पीच्या खवचट प्रश्नाला टिब्स आपल्या नावामागे ‘मिस्टर’ लावून जे उत्तर देतो ते जगभर गाजलं. दक्षिणेत पिकल्या केसांच्या काळ्या माणसालाही अरे-तुरे करण्याचा रिवाज होता. अलाबामातल्या कोर्टात १९६३ मध्ये मेरी हॅमिल्टन या कार्यकर्तीला सरकारी वकिलाने नुसतं ‘मेरी’ म्हणून पुकारलं. ‘मिस हॅमिल्टन’ म्हणेपर्यंत तिने उत्तर द्यायला नकार दिला, म्हणून न्यायाधीशाने तिला कैद आणि दंड ठोठावला. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. टिब्सचं वाक्य या पार्श्वभूमीवर ऐकायला हवं.

जुइसन मूळचा कॅनडाचा. तरुणपणी अमेरिकेच्या दक्षिणेत भटकताना तो नकळत बसमध्ये काळ्यांसाठी राखलेल्या मागच्या भागात जाऊन बसला आणि ड्रायव्हरने बस थांबवून त्याला झापलं. पॉटिएचा अनुभव याहून जिवावरचा होता. १९६४ मध्ये तो आणि हॅरी बेलाफॉन्टे चळवळीसाठी रोख रक्कम घेऊन मिसिसिपीत गेले, तेव्हा क्लानच्या माणसांनी त्यांच्या गाडीचा पाठलाग केला होता. दक्षिणेत शूटिंग करणार नाही, असं त्याने सांगून टाकलं. म्हणून इलिनॉयमधलं स्पार्टा निवडलं, आणि गावातल्या पाट्या बदलायला नकोत म्हणून कथेतल्या गावाचंच नाव बदललं! कापसाच्या शेतांसाठी तेवढं टेनेसीतल्या डायर्सबर्गला थोडे दिवस जावं लागलं. तिथे पॉटिए उशाखाली पिस्तूल ठेवून झोपत असे. कथा उन्हाळ्याच्या काहिलीतली, पण शूटिंग चाललं गारठ्यात. श्वासाची वाफ दिसू नये म्हणून नट तोंडात बर्फ धरायचे. बजेट सुमारे २० लाख डॉलरवरच आवरलं होतं. दक्षिणेतली थिएटरं हातची गेली तरी नुकसान होऊ नये, हा निर्माता वॉल्टर मिरिशचा हिशेब.

कथेतही हिशेबच निर्णायक ठरतो. टिब्स तपासावर राहतो ते गिलेस्पीला उपरती झाली म्हणून नव्हे. टिब्सला हटवलं तर कारखाना होणार नाही, असं कोलबर्टची विधवा बजावते म्हणून. स्पार्टाला न्याय नको असतो, नोकऱ्या हव्या असतात. हे दाखवण्याइतका सिनेमा रोखठोक आहे. मात्र गावातले काळे लोक पडद्यावर जेमतेम येतात आणि टिब्स गाडीत बसून निघून गेल्यावर त्यांचं काय होणार, हा प्रश्न सिनेमाला पडत नाही. ही माझ्या मते त्याची मोठी उणीव आहे.

४ एप्रिल १९६८ ला मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली आणि ८ तारखेचा ऑस्कर सोहळा दोन दिवस पुढे गेला. ‘इन द हीट’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटासह पाच पुरस्कार मिळाले. अभिनेत्याचा पुरस्कार स्टायगरला. पॉटिएला साधं नामांकनही नव्हतं, आणि त्या वर्षी तर त्याचे तीन सिनेमे तुफान चालले होते. दुसरीकडे, गोऱ्या अमेरिकेला पॉटिए एवढा का आवडतो, असा बोचरा सवाल काळे नाटककार क्लिफर्ड मेसन यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये सप्टेंबर १९६७ मध्येच केला होता. त्यांचं म्हणणं, याच्या भूमिका गोऱ्यांना बोचतील अशा नसतातच. काळ झपाट्याने पुढे चालला होता. पोलिसांवर नजर ठेवण्यासाठी शस्त्रं घेऊन रस्त्यावर उतरणारी ब्लॅक पँथर पार्टी ऑक्टोबर १९६६ मध्येच ओकलंडला उभी राहिली होती. हीच प्रेरणा घेऊन १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर आली. त्या तरुणांना सभ्य, सुटाबुटातला टिब्स मवाळ वाटला असेल, तर त्यात नवल नाही.

पॉटिएने टिब्स आणखी दोनदा रंगवला, १९७० आणि १९७१ मध्ये. तिथे तो सॅन फ्रान्सिस्कोत राहणारा संसारी पोलीस आहे. भोवती स्पार्टा नाही, त्यामुळे सिनेमेही बेतास बात. १९८८ मध्ये सुरू झालेल्या टीव्ही मालिकेने वेगळा मार्ग घेतला. टिब्स कायमचा स्पार्टात राहायला येतो, आणि अखेरच्या पर्वांत गावाला काळा पोलीसप्रमुखही मिळतो. मालिकेचं शूटिंग आधी लुइझियानात झालं, नंतर जॉर्जियात.