उपशामक सेवेतील परिचारिकांची स्वकाळजी

उपशामक सेवेतील परिचारिकांची स्वकाळजी या संज्ञेत, पूर्ण बऱ्या न होणाऱ्या आजाराच्या रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिका व परिचारक स्वतःचे शारीरिक आणि मानसिक आरोग्य टिकवण्यासाठी जे उपाय योजतात त्यांचा समावेश होतो. पाळ्यांची आखणी, रजा, वरिष्ठांचे मार्गदर्शन, रुग्णाच्या मृत्यूनंतर घेतल्या जाणाऱ्या बैठका या संस्थेने करावयाच्या तरतुदींचा विचारही याच विषयात होतो. त्या नसल्यास वैयक्तिक उपायांचा उपयोग फारच मर्यादित राहतो.

उपशामक सेवा, म्हणजे रुग्णालयांतील रोजच्या बोलण्यातील पॅलिएटिव्ह केअर, ही आजार बरा करण्यापेक्षा वेदना, धाप, मळमळ, जखमा आणि भीती कमी करण्यावर भर देते. पुणे शहरात या सेवेचे सर्वांत परिचित ठिकाण वारजे येथील सिप्ला पॅलिएटिव्ह केअर अँड ट्रेनिंग सेंटर हे होय.

पार्श्वभूमी

आधुनिक उपशामक सेवेच्या प्रवर्तक सिसिली सॉन्डर्स (१९१८–२००५) मुळात परिचारिका होत्या. पाठीच्या दुखण्यामुळे त्यांना परिचर्या सोडावी लागली. पुढे त्या रुग्णालयीन समाजसेविका आणि नंतर डॉक्टर झाल्या. इ.स. १९६७ मध्ये त्यांनी लंडन येथे सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. मरणासन्न रुग्णाचे दुःख शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि आध्यात्मिक अशा सर्व अंगांनी एकत्र पाहावे, ही त्यांची ‘संपूर्ण वेदना’ची कल्पना प्रसिद्ध आहे. या कल्पनेचा एक परिणाम क्वचितच लक्षात घेतला जातो: रुग्णाची वेदना चारही अंगांनी ऐकायची ठरवली, की ती ऐकणाऱ्यावर पडणारा भारही चौपट होतो.

भारतातील पहिले हॉस्पिस, शांती अवेदना सदन, इ.स. १९८६ मध्ये मुंबईतील वांद्रे येथे सुरू झाले. इ.स. १९९४ मध्ये इंडियन असोसिएशन ऑफ पॅलिएटिव्ह केअर ही संस्था स्थापन झाली. वारजे येथील केंद्र इ.स. १९९७ पासून कार्यरत आहे. तेथे कर्करुग्णांना विनामूल्य सेवा दिली जाते, रुग्णासोबत घरातील एक व्यक्ती राहते आणि घरी गेल्यावर करावयाची शुश्रूषा त्या व्यक्तीला शिकवली जाते. त्यामुळे अशा केंद्रातील परिचारिकेचे काम दुहेरी असते. ती रुग्णाची सेवा करते आणि त्याच वेळी एका घाबरलेल्या नातेवाइकाची शिक्षिकाही असते.

कामाचे स्वरूप आणि ताण

महाराष्ट्रात तंबाखूजन्य मुखकर्करोगाचे प्रमाण मोठे आहे. गालातून बाहेर आलेली जखम धुणे, तिचा दर्प कमी करण्यासाठी मेट्रोनिडाझोलची पूड वापरणे, अळ्या पडल्यास त्या एकेक करून काढणे, दर दोन तासांनी अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस बदलणे ही या विभागातील नित्याची कामे आहेत. मलमपट्टी करताना चेहऱ्यावर किळस दिसू न देणे हाही कामाचाच भाग असतो. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शिल्ड यांनी इ.स. १९८३ मध्ये अशा कामाला ‘भावनिक श्रम’ असे नाव दिले. हे श्रम पगारपत्रकात किंवा कामाच्या नोंदवहीत दिसत नाहीत.

सर्वांत अवघड ताण मात्र जखमेचा नसून बोलण्याचा असतो. “पेशंटला काही सांगू नका, सिस्टर,” ही नातेवाइकांची विनंती मराठी घरांत सर्रास आढळते. तोच रुग्ण रात्रीच्या पाळीत, मुलगा झोपल्यावर, “सिस्टर, मी बरा होईन ना?” असे विचारतो. होय म्हणणे खोटे ठरते, नाही म्हणणे कुटुंबाला दिलेल्या शब्दाविरुद्ध जाते आणि गप्प राहणे रुग्णाला एकटे टाकते. योग्य काय ते कळत असूनही परिस्थितीमुळे ते करता न येणे, या अवस्थेला अँड्र्यू जेम्टन यांनी इ.स. १९८४ मध्ये ‘नैतिक क्लेश’ म्हटले. वेदना असह्य असताना मॉर्फिन उपलब्ध नसणे किंवा “सवय लागेल” या भीतीने ते नाकारले जाणे, हेही याचेच उदाहरण होय. अमली पदार्थविषयक कायद्यात इ.स. २०१४ मध्ये दुरुस्ती होऊन मॉर्फिनच्या परवान्यांची प्रक्रिया सुलभ झाली. जेथे औषध प्रत्यक्ष पोहोचले, तेथे परिचारिकेच्या मनावरचे मोठे ओझे कोणत्याही समुपदेशनाविना हलके होते.

तिसरा ताण शोकाचा. आठवडेच्या आठवडे सेवा केलेला रुग्ण जातो, खाट धुतली जाते आणि बहुधा त्याच दिवशी त्या खाटेवर दुसरा रुग्ण येतो. नातेवाइकांना दहावे, तेरावे असतात. परिचारिकेच्या दुःखाला समाजाने नेमून दिलेला दिवस नाही. केनेथ डोका यांनी इ.स. १९८९ मध्ये अशा दुःखाला, म्हणजे समाज ज्याला शोक म्हणून मान्यता देत नाही अशा शोकाला, स्वतंत्र संज्ञा दिली.

संकल्पना

या विषयावरील लेखनात दोन संज्ञांची नेहमी गल्लत होते. ‘बर्नआउट’ ही संज्ञा हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी इ.स. १९७४ मध्ये कामामुळे येणाऱ्या गळाठ्यासाठी वापरली. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात तिची नोंद आजार म्हणून नव्हे, तर व्यवसायाशी निगडित अवस्था म्हणून आहे. शक्ती संपल्याची भावना, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा आणि आपल्या हातून काही होत नाही असे वाटणे, ही तिची तीन अंगे होत. करुणेचा थकवा ही संज्ञा परिचारिकांच्या संदर्भात कार्ला जॉइन्सन यांनी इ.स. १९९२ मध्ये वापरली. तिचा रोख दुसऱ्याचे दुःख सतत जवळून पाहिल्याने होणाऱ्या झिजेकडे आहे. व्यवहारात फरक असा, की बर्नआउट झालेली परिचारिका कामाला कंटाळते, तर करुणेने थकलेली परिचारिका रुग्णाजवळ जायलाच घाबरते. दोन्ही अवस्था एकाच व्यक्तीत असू शकतात.

मरणासन्न रुग्णांमध्ये काम करणाऱ्या परिचारिका इतरांपेक्षा अधिक खचतात, हा समज मात्र अभ्यासातून पुरेसा सिद्ध झालेला नाही. मेरी व्हॅशन यांनी इ.स. १९९५ मध्ये घेतलेल्या आढाव्यात, या क्षेत्रातील ताणाचे मूळ रुग्णांच्या मृत्यूपेक्षा कामाच्या ठिकाणचे वातावरण आणि सहकाऱ्यांमधील संबंध यांत अधिक आढळते, असे दिसून आले. स्वकाळजीचा विचार करताना हा निष्कर्ष महत्त्वाचा ठरतो.

ताण न बोलता दाबून ठेवल्यास काय होते, याचे चित्र इसाबेल मेंझीस यांनी लंडनच्या एका रुग्णालयाच्या अभ्यासात (इ.स. १९६०) रेखाटले आहे. तेथे काम लहान लहान तुकड्यांत वाटलेले होते, त्यामुळे कोणत्याच परिचारिकेचा एका रुग्णाशी दीर्घ संबंध येत नसे आणि रुग्णाचा उल्लेख नावाने न होता खाटेने किंवा अवयवाने होई. भीतीपासून बचावासाठी उभी राहिलेली ही पद्धत परिचारिकांना कामातील समाधानापासूनही तोडत होती. “सात नंबरचा पेशंट” हा शब्दप्रयोग भारतीय रुग्णालयांतही अपरिचित नाही.

वैयक्तिक उपाय

स्वकाळजीची सुरुवात शरीरापासून होते. रुग्णाला एकटीने उचलण्याऐवजी दोघींनी मिळून, खाली घातलेल्या आडव्या चादरीच्या साहाय्याने सरकवणे, खाटेची उंची कमरेपर्यंत आणणे, पाळीत वेळेवर पाणी पिणे आणि लघवी न रोखणे या गोष्टी क्षुल्लक वाटल्या तरी अनेक वर्षांच्या नोकरीत त्यांनीच फरक पडतो. अनेक रुग्णालयांत रात्रपाळी बारा तासांची असते. तिच्यानंतर झोप हाच मुख्य उपचार होय. खोलीत अंधार करणे, फोन बंद ठेवणे, पाळी संपण्यापूर्वीच्या काही तासांत चहा टाळणे याने दिवसाची झोप सुधारते. अर्थात गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत पेठांमधील घरी दिवसा झोपण्याचा सल्ला देणे सोपे, पाळणे कठीण. पुण्यात याला जोडून एक वेगळा धोका आहे. रात्र जागून काढल्यावर दुचाकीने महामार्गाच्या बाह्यवळणावरून घरी परतणे हे कामावरील कोणत्याही जोखमीपेक्षा घातक ठरू शकते. घरी निघण्यापूर्वी वीस मिनिटे डुलकी घेणे किंवा त्या दिवशी बसने जाणे अधिक सुरक्षित असते.

मनाच्या बाबतीत दुखावण्याचे टाळणे हे ध्येय नसून दुखण्याला हद्द घालणे हे असते. अमेरिकेतील परिचारक जॉनथन बार्टेल्स यांनी ‘विराम’ नावाची साधी प्रथा रूढ केली. रुग्णाचा मृत्यू झाल्यावर खाटेभोवतीचे सर्व जण काही क्षण शांत उभे राहतात. ही व्यक्ती कोणाची तरी आई, भाऊ, मित्र होती याची आठवण केली जाते आणि मगच पुढचे काम सुरू होते. त्यासाठी खर्च नाही, धर्माची अट नाही. पाळी बदलताना देण्यात येणारा अहवाल पूर्ण लिहून काढणे हाही मन मोकळे करण्याचाच मार्ग आहे. अर्धवट दिलेला अहवाल परिचारिका डोक्यात घेऊन घरी जाते आणि रात्री दहा वाजता सहकारिणीला फोन करते. अंत्यविधीहून आल्यावर स्नान करण्याची रूढी महाराष्ट्रात आहे. कामावरून परतल्यानंतरचे स्नान आणि कपडे बदलणे तशीच सीमारेषा आखू शकते.

वर उल्लेखिलेल्या रुग्णाच्या प्रश्नाला पाठ केलेले उत्तर नसते. तथापि संवादाचे प्रशिक्षण घेतलेली परिचारिका “तुम्हाला स्वतःला काय वाटतंय?” असे विचारून, उत्तर ऐकून, सकाळी डॉक्टर व कुटुंबीयांना त्याची कल्पना देऊ शकते. रुग्णाला किती ठाऊक आहे आणि किती जाणून घ्यायचे आहे हे एकदा कळले, की एकटीने गुपित वाहण्याची गरज उरत नाही. या अर्थाने संवादकौशल्य हे रुग्णसेवेचे साधन असून स्वसंरक्षणाचेही आहे.

योगासने, टेकडीवर फिरणे, भजनी मंडळ, वाचन, गप्पा यांपैकी ज्याने बरे वाटेल ते करावे, असे सर्वसाधारण मत आहे. पुण्याला योगपरंपरा मोठी असल्याने रुग्णालयांचा कल योगवर्ग भरवण्याकडे असतो. परंतु घरी स्वयंपाक, मुलांचा अभ्यास आणि सासू-सासऱ्यांचे औषधपाणी ही दुसरी पाळी वाट पाहत असताना, ड्युटी संपल्यावर सक्तीने भरवलेला वर्ग विश्रांती न ठरता आणखी एक काम ठरते. सतत झोप न लागणे, कामावर जाण्याच्या विचाराने छातीत धडधडणे, दारू किंवा गोळ्यांचा आधार घ्यावासा वाटणे, जगणे नकोसे होणे ही लक्षणे स्वकाळजीच्या आवाक्याबाहेरची आहेत. अशा वेळी मनोविकारतज्ज्ञांची मदत घ्यावी लागते. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही उपलब्ध आहे.

संस्थेची जबाबदारी

मृत्यूनंतरची छोटी बैठक, महिन्यातून एकदा केवळ अनुभव सांगण्यासाठी जमणारा गट, नव्या परिचारिकेसोबत अनुभवी परिचारिका देणे आणि लागोपाठ अनेक मृत्यू पाहिलेल्या व्यक्तीस काही दिवस बाह्यरुग्ण विभागात काम देणे, हे संस्थांनी योजावयाचे उपाय मानले जातात. अशा बैठकीत मेट्रन मूल्यमापनाची वही घेऊन बसल्यास कोणीही खरे बोलत नाही. अमेरिकेतील परिचारिका संघटनेच्या इ.स. २००१ च्या आचारसंहितेत परिचारिकेची स्वतःप्रती तीच कर्तव्ये आहेत जी इतरांप्रती आहेत, असे नमूद झाले. ‘सेवाभाव’ या शब्दाखाली भारतात बहुधा याच्या उलट अपेक्षा केली जाते.

वेतनाचा प्रश्नही यात येतो. सर्वोच्च न्यायालयाच्या इ.स. २०१६ च्या निर्देशानंतर नेमलेल्या समितीने पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयांतही परिचारिकेचे मासिक वेतन २०,००० रुपयांपेक्षा कमी नसावे, अशी शिफारस केली. उदरनिर्वाहासाठी दोन ठिकाणी पाळ्या करणाऱ्या परिचारिकेला विश्रांतीचा सल्ला देणे व्यर्थ असते.

दीर्घ शुश्रूषेचे एक उदाहरण

दीर्घकालीन शुश्रूषेचे महाराष्ट्रातील सर्वांत ज्ञात उदाहरण हॉस्पिसमधील नसून मुंबईच्या केईएम रुग्णालयातील आहे. तेथील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर इ.स. १९७३ मध्ये हल्ला झाला आणि त्यानंतर १८ मे २०१५ रोजी मृत्यू होईपर्यंत, सुमारे ४२ वर्षे, परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांची सेवा केली. त्यांना दयामरण द्यावे अशी याचिका दाखल झाली तेव्हा परिचारिकांनी तिला विरोध केला. ७ मार्च २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने शानबाग यांच्या वतीने निर्णय घेण्याचा अधिकार रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांचा असल्याचे मानले. त्यांचे अंत्यसंस्कारही रुग्णालयाच्या पुढाकाराने झाले आणि परिचारिकांनी त्यांना कुटुंबीयांप्रमाणे निरोप दिला. परिचारिकांच्या शोकाला असे उघड स्थान मिळण्याचा हा अपवादात्मक प्रसंग होता.